मोलॅरिटी: सूत्र पाठ आहे, तरी द्रावण चुकतं?

अरे, मोलॅरिटी म्हणजे एक लिटर द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे मोल; गणित अवघड नाहीच. घोळ होतो तो बाटलीच्या लेबलवर आणि फ्लास्कच्या खुणेवर.

समज, ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल २५० मिली हवंय. २५० मिली म्हणजे ०.२५ लिटर, हे आधीच करून टाक. ०.०५ × ०.२५ = ०.०१२५ मोल. पुढे रेणुवस्तुमान, आणि इथेच बरेच जण घसरतात. रासायनिक सूत्रावरून (H₂C₂O₄) ९० धरतात, पण बाटलीतले स्फटिक पाण्याच्या दोन रेणूंसकट असतात, म्हणजे १२६. ०.०१२५ × १२६ = १.५७५ ग्रॅम. ९० धरलंस तर १.१२५ ग्रॅमच घेशील, द्रावण जेमतेम ०.०३६ मोलर होईल, आणि टायट्रेशन (माहीत असलेल्या द्रावणाने दुसऱ्याची तीव्रता मोजणं) बिघडलं की ब्युरेटला, म्हणजे त्यातल्या खुणा असलेल्या नळीला, शिव्या!

बाकी एवढं सांभाळ:

- २५० मिली पाणी मोजून त्यात पूड टाकायची नाही. थोड्या पाण्यात पूर्ण विरघळव, फ्लास्कमध्ये ओत, बीकर दोन-तीनदा विसळून तेही पाणी आत घाल, मग खुणेपर्यंत भर. शेवटचे थेंब ड्रॉपरने, डोळे खुणेच्या पातळीवर आणून.
- तराजूवर १.५८२ आलं? काढ-घाल करत बसू नकोस. तेच लिही, त्यावरून मोलॅरिटी काढ: ०.०५०२.
- तीव्र आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात. उलटं कधीच नाही.

नॉर्मॅलिटी, मोलॅलिटी ही तीव्रतेची दुसरी मापं सध्या राहू दे.

आता मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचे निळे स्फटिक) ०.१ मोलर, १०० मिली कागदावर काढून बघ. उत्तर २.५ ग्रॅमच्या जवळ आलं तर लेबल नीट वाचलंस, १.६ आलं तर परत बाटलीकडे जा.