'बंधनकारक नाही' असं लिहिलेल्या कागदाला करार म्हणावं का?

प्रश्न असा आहे: छोट्या औषध कंपनीने भागीदारीसाठी 'टर्म शीट' केली, तर बातमीत 'प्राथमिक करार' लिहावं, 'सामंजस्य करार' की 'इरादापत्र'? आणि कागदावरच 'बंधनकारक नाही' असं असेल, तर 'करार' चालेल का?

टर्म शीटला मी 'अटींचा मसुदा' म्हणेन. इरादापत्रात अनेकदा एका बाजूचाच मानस असतो, आणि 'सामंजस्य करार' गुंतवणूक परिषदांच्या मथळ्यांनी फार सैल करून टाकला आहे. 'करार' मात्र सरसकट खोडू नका. १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमानुसार, ज्याची अंमलबजावणी कायद्याने करून घेता येते तो करार म्हणजे संविदा. म्हणजे करार असूनही संविदा नसणं शक्य आहे.

शिवाय मसुदा बंधनकारक नसला, तरी त्याच्याभोवतीचं वचन बंधनकारक असू शकतं. अमेरिकेतल्या सिगा आणि फार्मअथीन या कंपन्यांचं प्रकरण बघा. २००६ च्या जानेवारीत सिगाच्या देवी या रोगावरच्या औषधाचा परवाना फार्मअथीनला देण्यासाठी अटींचा मसुदा झाला. पानांच्या तळाशी 'बंधनकारक नसलेल्या अटी' असंच छापलं होतं. पण पुढे फार्मअथीनने सिगाला ३० लाख डॉलर कर्ज दिलं, विलीनीकरणाचा करार झाला, आणि त्या दोन्ही कागदांत कलम आलं: विलीनीकरण फिसकटलं, तर याच अटींनुसार परवान्याची बोलणी सचोटीने करायची. ते फिसकटलंच. तोवर औषधाचा भाव वधारला होता. मसुद्यात परवाना शुल्क ६० लाख डॉलर होतं. सिगाने आता नुसत्या सुरुवातीच्या रकमेपोटीच १० कोटी डॉलर मागितले.

डेलावेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही सचोटी नव्हे असं ठरवलं, आणि करार झाला असता तर मिळाला असता तो नफाही भरपाईत मागता येतो, असं सांगितलं. सिगाला २०१४ मध्ये दिवाळखोरीचं संरक्षण घ्यावं लागलं. व्याजासह २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम तिने फेडली, आणि फार्मअथीनच्या भागधारकांना २०१७ मध्ये शेअरमागे २.९१ डॉलर विशेष लाभांश मिळाला. पानाच्या तळाशी छापलेल्या त्या ओळीवर विसंबलेल्या सिगाच्या गुंतवणूकदाराला हे सगळं केवढ्याला पडलं!

म्हणून नुसतं 'प्राथमिक करार' लिहून थांबू नका, वाचकाला ते अपुरं आहे. 'भागीदारीच्या अटींचा मसुदा ठरला. अटी बंधनकारक नाहीत, मात्र सचोटीने वाटाघाटी करणं बंधनकारक' असं लिहा. आणि तसं कलम नसेल, तर तेही स्पष्ट लिहा.