रोहूचं आतडं नऊ फूट, मरळीचं वीतभर

प्रश्न : बाई, मी दर आठवड्याला भिगवणच्या बाजारातून मासे आणते आणि घरीच साफ करते. रोहूचं पोट चिरलं की बारीक आतड्याचा गुंताच्या गुंता बाहेर येतो, ओढावा तितका येतच राहतो. मरळीच्या पोटात मात्र एक जाड पिशवी आणि जेमतेम आतडं. एकदा त्या पिशवीत अख्खी मासोळी निघाली. रोहूत ही पिशवी मला कधीच दिसली नाही. चिरताना ती फाटून जाते का?
— एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : नाही हो, तुमच्या हातून काही फाटत नाही. रोहूला जठरच नसतं. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गवत्या हे सगळे एकाच कुळातले आणि या कुळातल्या माशांना जठर नाही. घशातून अन्न थेट आतड्यात उतरतं. आतड्याचा सुरुवातीचा भाग थोडा फुगीर असतो. कॉलेजात बत्तीस वर्षं मी प्रात्यक्षिकं घेतली आणि दरवर्षी निम्मी मुलं आकृतीत त्या फुगीर भागाला ‘जठर’ असं नाव द्यायची. त्यांना रागावण्यापेक्षा मी लिटमस कागद हातात द्यायची. ताज्या, नुकतंच खाल्लेल्या मरळीच्या पिशवीत निळा कागद टेकवला की तांबडा होतो, कारण तिथे आम्ल असतं. रोहूच्या फुगीर भागात तोच कागद निळाच राहतो. शिवाय पित्ताची नळी त्या फुगीर भागातच उघडते. पित्त आतड्यातच उतरतं, म्हणजे ते आतडंच.

आता लांबीचं. एकदा वर्गात आम्ही एक फूट लांबीच्या रोहूचं आतडं ट्रेमध्ये पाणी घालून, चिमट्याने एकेक वेढा सोडवत उलगडलं. घाई केली की तुटतं. चार मुलींना पाऊण तास लागला. टेबलाच्या कडेने मांडून मोजलं तर नऊ फूट भरलं. तेवढ्याच मरळीचं आतडं वीतभर, म्हणजे तिच्या अंगापेक्षाही आखूड.

कारण ताटात आहे. मरळ मासे, बेडूक, किडे गिळते. जबड्यात टोकदार दात आहेत, पण ते भक्ष्य धरायला, चावायला नव्हेत. सबंध गिळलेली मासोळी ठेवायला ताणली जाणारी पिशवी हवी, आणि ती विरघळवायला आम्ल हवं. मांस एकदा विरघळलं की ते शोषायला फार लांबचा रस्ता लागत नाही. पुढच्या वेळी पिशवी संपून आतडं सुरू होतं तिथे नीट पाहा. बोटांसारख्या दोन बंद नळ्या दिसतील. त्यांना पायलोरिक सीका म्हणतात, त्यांच्यामुळे पचनाला आणि शोषणाला जास्तीची जागा मिळते. वाम चिरलीत तर तिच्यातही अशा दोन सापडतील. रोहूत एकही नाही.

रोहू शेवाळ, कुजका पाला, वनस्पतींचे तुकडे खातो. त्यात कस कमी, माती फार, म्हणून ते आतड्यात बराच वेळ राहावं लागतं. कटला पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव कल्ल्यांच्या दाट गाळणीने गाळून खातो, त्याचं आतडं साधारण रोहूच्या निम्मं. सायप्रिनस तळाचे किडे, दाणे, जे मिळेल ते खातो, त्याचं अंगाच्या दोन-अडीच पट. आणि रोहूचं पिल्लू पाहिलंत तर त्याचं आतडं आखूडच असतं, कारण लहानपणी तेही पाण्यातले सूक्ष्म प्राणी खातं. खाणं बदलतं तसं आतडं लांबत जातं. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

पण नुसत्या लांबीवर विसंबू नका. गवत्या नावाप्रमाणे गवत खातो, तरी त्याचं आतडं सायप्रिनसइतकंच, अंगाच्या दोन-अडीच पट. त्याचं काम घशात होतं. या कुळाच्या जबड्यात दात नसतात, ते कल्ल्यांच्या मागे, घशातल्या हाडावर असतात. गवत्याचे करवतीसारखे, सायप्रिनसचे दाढांसारखे. गवत्या गवत चिरून भराभर खातो, त्यातलं बरंचसं न पचताच बाहेर टाकतो आणि पुन्हा खातो. रोहूच्या डोक्याचा रस्सा कराल तेव्हा ताटात कल्ल्यामागचं ते वाकडं हाड शोधा, त्यावर दातांच्या ओळी बोटाला लागतात.

चिलापी या दोन्ही हिशेबांत बसत नाही. तिला जठरही आहे आणि लांबलचक आतडंही. युगांडातल्या लेक जॉर्ज सरोवरातल्या चिलापीच्या जातीवर १९७०च्या दशकात अभ्यास झाला, तिच्या जठरातला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र) १.४ पर्यंत उतरलेला आढळला. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशी फोडायला इतकं तीव्र आम्ल उपयोगी पडतं. रात्री जठर रिकामं असतं आणि सकाळी खाणं सुरू झाल्यावर आम्ल हळूहळू वाढतं, त्यामुळे सकाळचे पहिले घास न पचता हिरवेच बाहेर पडतात.

प्रश्न : रोहूचं पित्त कच्चं गिळलं की साखर आणि सांधेदुखी कमी होते असं आमच्याकडे म्हणतात. वडील घेऊ म्हणतात. घ्यावं का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : अजिबात घेऊ देऊ नका. हे उत्तर वाचलंत की आजच त्यांच्याशी बोला. रोहू, कटला, गवत्या यांच्या पित्तात सायप्रिनॉल नावाचं द्रव्य असतं आणि ते मूत्रपिंडाला विषारी आहे. आधी काही तासांत उलट्या, जुलाब, पोटदुखी होते. ते थांबलं की माणसाला वाटतं सुटलो, आणि दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते. भारतात रोहूचं पित्त गिळून डायलिसिसवर गेलेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. शिजवल्यानेही ते विष जात नाही. कोणी घेतलं असेल तर त्रास सुरू व्हायची वाट न पाहता दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना ‘माशाचं पित्त गिळलंय’ हे स्पष्ट सांगा.

माझी आत्या बाजारात मासे विकायची. पोट चिरताना तिचं एकच सांगणं असे, “पित्ताला नख लागू देऊ नकोस.” हिरवी पिशवी ती यकृतासकट अलगद उचलून बाजूला टाकायची. साफ करताना फुटलीच तर हिरवा झालेला भाग कापून टाका आणि मासा भरपूर पाण्याने धुवा.

प्रश्न : मॅडम, शेततळ्यात रोहू, कटला, सायप्रिनस सोडलेत. खाद्य सकाळी एकदाच टाकतो. बरंच तळाशी बसतं. प्रमाण चुकतंय का?
— एक वाचक, माढा

उत्तर : प्रमाण कदाचित बरोबर असेल, वेळ चुकतेय. वर लिहिलं तसं या तिघांना जठर नाही, म्हणजे अन्न साठवायची पिशवी नाही. मरळ एकदा पोटभर गिळून निवांत बसेल, हे मासे थोडं थोडं दिवसभर खाणारे. तेवढंच खाद्य दोन-तीन वेळांत विभागा. पहिली वेळ ऊन वर आल्यावर ठेवा, कारण पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. ट्रेमध्ये किंवा छिद्रं पाडलेल्या पोत्यात टाकलंत तर उरलेलं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी तेवढं कमी करता येतं. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर त्या दिवशी खाद्य टाकूच नका. आधी पाण्याचं बघा.