'वैविध्यता' नको, विविधता म्हणा

प्रश्न असा आहे: आतड्यातल्या किंवा लाळेतल्या जिवाणूंचे नमुने तपासताना 'अल्फा वैविध्यता' (एकाच नमुन्यात किती प्रजाती आणि त्यांचे वाटे कसे) आणि 'बीटा वैविध्यता' (एक नमुना दुसऱ्याहून किती वेगळा) मोजतात, त्यांना मराठीत काय म्हणावं? आणि अल्फा वाढली की बीटाही वाढते का?

आधी ती 'वैविध्यता' काढून टाका. वैविध्य हे मुळातच भाववाचक नाम, त्याला वर '-ता' कशाला? उद्या सौंदर्यता म्हणाल. विविधता म्हणा नाहीतर वैविध्य म्हणा.

'विविध'चा रोजचा अर्थ सोडून देतो. खरी मौज 'विधा'त आहे. वि + धा, म्हणजे वेगवेगळं ठेवणं, वाटून देणं. म्हणून संस्कृतात विधा म्हणजे प्रकार, तसाच वाटाही. पाणिनीचं सूत्रच आहे: 'संख्याया विधार्थे धा'. त्यातून द्विधा, त्रिधा, बहुधा. (बहुधाचं आपण 'बहुतेक' करून टाकलं, ते दुखणं वेगळं.)

आणि हा 'वाटा' इथे चपखल बसतो. एका नमुन्यात चार प्रजाती, प्रत्येकी 25 टक्के. दुसऱ्यातही चारच, पण एकीचे 97 टक्के आणि बाकी तिघींचा एकेक. नुसती मोजदाद दोन्हींकडे चार. गणितज्ञ शॅननच्या सूत्रातून 'परिणामी प्रजातिसंख्या' (सारख्या वाट्याच्या किती प्रजातींइतकी ही विविधता, तो आकडा) काढली, तर पहिल्यात 4 आणि दुसऱ्यात जेमतेम 1.18. बघा, विधा म्हणजे वाटेच!

माझं तर म्हणणं आहे की 'विविध'मधले दोन 'वि' म्हणजे हीच जोडी. आतला 'वि' नमुन्यातले वाटे पाडतो, ती अल्फा. बाहेरचा एका नमुन्याला दुसऱ्यापासून वेगळा काढतो, ती बीटा. वैयाकरण हसतील. हसू देत.

काही पाठ्यपुस्तकं या सूत्राला 'शॅनन-वीव्हर' म्हणतात, ते मला अजिबात मान्य नाही. सूत्र 1948 च्या लेखातलं, एकट्या शॅननचं; वीव्हरांनी पुढच्या वर्षीच्या पुस्तकात विवेचन लिहिलं, एवढंच. अल्फा-बीटा ही नावं परिसंस्था-अभ्यासक व्हिटेकरची, 1960 च्या अमेरिकेतल्या सिस्कियू पर्वतातल्या वनस्पतींच्या अभ्यासातली. जिवाणूवाल्यांनी ती उसनी घेतली.

आणि अल्फा-बीटासाठी 'अंतर्गत-बहिर्गत' सुचवणाऱ्या विद्वानांनी कोश उघडावा. बहिर्गत म्हणजे बाहेर गेलेलं! 'नमुन्यातली' आणि 'नमुन्यांमधली' विविधता म्हणा की सरळ.

हो, दुसरा प्रश्न राहिलाच. नाही, दोन्ही एकदम वाढतीलच असं नाही. लाळेत प्रत्येकाच्या तोंडी प्रजाती भरपूर, पण एका माणसाची लाळ दुसऱ्याच्या लाळेहून फारशी वेगळी नसते. अल्फा जास्त, बीटा कमी.