पाळीत असह्य दुखतं, पण सोनोग्राफी नॉर्मल आहे. तरी एंडोमेट्रिओसिस असू शकतो का?

हो, असू शकतो. सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे आजार नाही, असं धरून चालल्यानेच अनेकींचं निदान वर्षानुवर्षं रखडतं. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. अंडाशयात वाढल्या तर जुनं रक्त साठून चॉकलेट सिस्ट होते, ती सहसा दिसते. पोटाच्या आतल्या पडद्यावरचे काही मिलिमीटरचे ठिपके मात्र बहुतेकदा दिसत नाहीत. ठिपके छोटे म्हणून दुखणंही छोटं, असं अजिबात नाही. पहिल्या, म्हणजे सर्वात कमी पसरलेल्या स्टेजची बाई गडाबडा लोळू शकते, तर चौथी, सर्वात पसरलेली स्टेज कधी कधी मूल होत नाही म्हणून तपासताना सापडते.

सोनोग्राफी कुठून केली ते बघा. पोटावरून केली असेल तर शक्य असल्यास योनीमार्गातून करून घ्या, आणि चिठ्ठीवर ‘डीप एंडोमेट्रिओसिससाठी’ (म्हणजे आत खोलवर रुजलेला आजार शोधायला) असं लिहून घ्या. मग जाणकार सोनोलॉजिस्ट प्रोबने हलकं ढकलून गर्भाशय आतड्यावरून सरकतं का तेही बघतात. चिकटलेलं असेल तर सरकत नाही. सीए-125 या रक्तातल्या प्रथिनाच्या तपासणीवर मात्र विसंबू नका. ती नॉर्मल असूनही आजार असतो आणि इतर कारणांनीही वाढते.

डॉक्टरांना ‘खूप दुखतं’ सांगितलं की ‘पाळीत दुखतंच’ हे उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा दोन-तीन पाळ्यांची नोंद घेऊन जा, अशी: ‘दिवस दुसरा. दुखणं 10 पैकी 8. पेनकिलर घेतली, तीन तासांत पुन्हा तेवढंच. शौचाला बसताना आत कळ. कामावर गेले नाही.’ शौचाची ती ओळ गाळू नका, लाज वाटली तरी. शौच, लघवी किंवा संबंधाच्या वेळी दुखणं, तेही पाळीच्या सुमारास वाढणारं, हा मोठा धागा आहे.

निदानासाठी आधी पोटात दुर्बीण घालायलाच (लॅपरोस्कोपी) हवी, असं आता नाही. ‘एश्रे’ या वंध्यत्व आणि प्रजननातल्या डॉक्टरांच्या युरोपीय संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणांवरून हार्मोनचे उपचार सुरू करता येतात. उदाहरणार्थ डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, रोज 2 मिलिग्रॅम. सुरुवातीचे काही महिने मधूनच डाग पडतात. घाबरून गोळी परस्पर सोडू नका, डॉक्टरांना विचारा. मूल हवं असेल तर ते आधीच सांगा, कारण ही गोळी बीजनिर्मिती दाबते.

दुर्बीण ठरलीच, तर आधी विचारा: नुसतं बघणार, की दिसलं तर त्याच वेळी काढणार? तुकडा बायोप्सीला पाठवणार का? नाहीतर बघण्यासाठी एक आणि काढण्यासाठी दुसरी, अशी दोनदा भूल घ्यावी लागते.