बास्क प्रदेशात उन्हाळाभर राहून शिकण्यात काही अर्थ आहे का?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत: सुट्टीचे दोन महिने बास्क प्रदेशात (स्पेनच्या उत्तरेला, फ्रान्सच्या सीमेवर) राहून शिकावं की सरळ माद्रिद-बार्सिलोना गाठावं, शाकाहारी माणसाचं तिथे कसं होईल, आणि शेवटी हळूच टाकलेलं, "ती बास्क भाषा शिकून तसा उपयोग काय?"

त्या हळूच टाकलेल्यासाठीच लिहायला बसलोय. बाकीचं ओघात येईल.

मी २०१६ च्या उन्हाळ्यात गेलो होतो, भाषाशास्त्राचं एम.ए. चालू होतं तेव्हा. घर सावंतवाडीचं, पण मोठा भाऊ पुण्यात आयटीत, म्हणून निघण्याआधी मुक्काम त्याच्याकडे. जेवताना दादाने विचारलं किती लोक बोलतात ही भाषा, म्हटलं सात-आठ लाख, तर म्हणतो "म्हणजे सोलापूर शहराएवढीही माणसं नाहीत, आणि त्यातल्या प्रत्येकाला वर स्पॅनिश नाहीतर फ्रेंच येतंच, मग तू नक्की कोणाशी बोलायला चाललायस?" आई फोनवर वेगळ्याच काळजीत, तिकडे बॉम्बबिम्ब फुटतात ना. (एटाने, म्हणजे स्वतंत्र बास्क देशासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, २०११ च्या ऑक्टोबरमध्येच शस्त्रं थांबवली आणि २०१८ ला संघटनाच विसर्जित केली, त्यामुळे तुमच्या घरी कोणी हा मुद्दा काढला तर तो तिथेच मिटवा.)

आता जागेचं बोलू. सगळे तुम्हाला दोनोस्तियाला म्हणजे सान सेबास्तियानला जा म्हणतील. शहर देखणं आहे यात वाद नाही, ला कोंचाचा किनारा, जुलैत जॅझ फेस्टिव्हल, जुन्या गावात बारच्या काउंटरवर मांडलेले पिंचोस, म्हणजे एक-दोन घासांचे पदार्थ. पण उन्हाळ्यात, त्यातही ऑगस्टमध्ये, तिथे विद्यार्थ्याने खोली शोधणं हा निव्वळ वेडेपणा, सगळं टुरिस्टांच्या हिशोबाने चालतं. मिरामार राजवाड्यात विद्यापीठाचे समर कोर्स असतात ते बहुतेक काही दिवसांचे, फोटो चांगले येतात, त्याला मी शिकणं म्हणणार नाही. बिल्बाओ मोठं, मेट्रो आहे, गुगेनहाइम म्युझियम आहे, पण कानावर दिवसभर स्पॅनिशच पडणार. गास्तेइस या प्रदेशाची राजधानी असूनही तिथे कोणी जात नाही, म्हणून मला आवडतं. तुमचा विषय मॅनेजमेंट किंवा सहकार असेल तर मोन्द्रागोनला जा. १९५६ मध्ये एका पाद्र्याच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी सुरू केलेल्या छोट्या कारखान्यातून तिथे सहकारी संस्थांचं अख्खं जाळं उभं राहिलंय, कामगार हेच मालक. सहकार म्हटलं की साखर कारखाना आणि त्यामागून येणारी निवडणूक एवढंच डोळ्यासमोर येणाऱ्या आपल्या लोकांनी ते एकदा बघून यावं.

पण भाषा शिकायची असेल तर बार्नेतेगी. म्हणजे निवासी भाषाशाळा, तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं आणि सकाळी चहाच्या कपापासून एउस्कारातच बोलायचं (बास्क लोक आपल्या भाषेला एउस्कारा म्हणतात). पहिला आठवडा माणूस मुका होतो. वर्गात जर्मन, अमेरिकन आणि माद्रिदहून आलेली मंडळी व्याकरणापुढे रडकुंडीला आलेली, आणि मला त्यातलं निम्मं ओळखीचं वाटत होतं. आपण "रामाने आंबा खाल्ला" म्हणतो ना, रामाला "ने" लागतो आणि क्रियापद आंब्याचं ऐकतं, तसंच तिथे कर्त्याला "क" लागतो, फक्त आपल्यासारखा भूतकाळात नाही तर सगळ्या काळांत. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाच्या मागे, आणि मोजणी विसाविसाने. सत्तर म्हणजे तीन विसा नि दहा, आमची आजी गावातल्या म्हाताऱ्यांची वयं अश्शीच सांगायची. एकाच क्रियापदात कर्ता, कर्म आणि ज्याला दिलं तो असे तिघे बसवायचे म्हटल्यावर मात्र माझीही दमछाक झाली. तरी मराठी माणसाने ही भाषा अवघड आहे म्हणून सोडू नये. सोडायचीच तर दुसरं कारण शोधा.

बार्नेतेगीनंतर मी अस्पेइतियाला एका कुटुंबात राहिलो. गिपुस्कोआतलं डोंगरातलं छोटं गाव, दुकानात, बारमध्ये, पोरांच्या भांडणात सगळीकडे एउस्कारा. जेझुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला याच गावचे, त्यांच्या जन्मघराभोवती मोठं बॅसिलिका उभं आहे, ३१ जुलैला त्यांचा सण आणि त्यानिमित्ताने माणसांच्या बैलांशी झुंजी (मी गेलो नाही). घरातली आजी ऐंशीच्या पुढची. पहिले दोन दिवस ती माझ्याशी बोलेचना, मग मुलाने सांगितलं की हा गोव्याच्या बाजूचा आहे, तशी तिची खुर्ची सरकत सरकत माझ्या शेजारी. गोवा म्हणजे सेंट झेवियर, आणि झेवियर म्हणजे त्यांचा शेजारच्या नवार्रातला, १५०६ चा जन्म, १५४२ ला गोव्यात उतरला. मला विचारते, तू त्याला बघितलंस का? म्हटलं २००४ च्या शवप्रदर्शनाला शाळेची सहल गेली होती, रांगेत उभं राहून बघितलंय. त्यानंतर त्या घरात माझा भाव असा वाढला की काही विचारू नका, टेबलावर पहिलं ताट माझं.

ही आजी रोज संध्याकाळी घेवड्याच्या शेंगा मोडत बसायची, मी पण बसायचो, तिचं तेवढं काम आणि माझी प्रॅक्टिस. एकदा मी विचारलं तुम्ही शाळेत कुठल्या भाषेत शिकलात. ती हसायलाच लागली. हुकूमशहा फ्रँकोचा काळ, शाळा स्पॅनिशमध्ये, आणि घरी स्पॅनिशचा एक शब्द कोणाला येत नाही. मास्तरणीकडे एक अंगठी असायची. जो एउस्कारात बोलताना सापडेल त्याच्या हातात अंगठी, मग त्याने दुसऱ्या कोणाला पकडायचं आणि त्याच्या गळ्यात मारायची, आठवड्याच्या शेवटी ज्याच्याकडे राहील त्याला छडी. (ही काही तिच्याच शाळेतली गंमत नव्हती, अंगठीची शिक्षा त्या भागात त्याच्याही कितीतरी आधीपासून चालत आलेली.) मग पोरांनी शक्कल काढली. शनिवार जवळ आला की अंगठीवाला गुपचूप जाऊन दुसऱ्याच्या पायावर पाय द्यायचा, जोरात. तो ओरडणार "आय एने!" (एउस्कारातलं "आई गं!"). झालं, अंगठी त्याची. एवढं सांगून तिने टेबलाखाली खरंच माझ्या पायावर पाय दिला, आणि मी काय ओरडलो असेन ते तुम्हाला सांगायला नको. आजी टाळ्या वाजवत म्हणाली, सापडलास.

नंतर तिचं हसणं थांबलं आणि तिने सांगितलं की तिची थोरली बहीण पुढे आपल्या मुलांशी घरात जन्मभर स्पॅनिशच बोलली. त्या छडीमुळेच असं नाही, पोरांचं भलं व्हावं म्हणून.

हे मी दादाला फोनवर सांगितलं, कारण त्या वर्षी त्याच्या मुलाच्या शाळेत मराठी बोललं की दहा रुपये दंड होता आणि वर्गाच्या मॉनिटरकडे त्याची वही असायची. दादा म्हणाला ते डिसिप्लिनसाठी असतं, तुलना करू नकोस, इथे कोणी फ्रँको नाही. बरोबर आहे, इथे फ्रँको नाही, इथे आपण फी भरून दंड करून घेतो.

आणि उपयोगाचं म्हणाल तर नीट ऐका. फ्रँको जिवंत असतानाच त्या लोकांनी शाळा काढल्या. दोनोस्तियात एल्विरा सिपित्रिया नावाची शिक्षिका चाळीसच्या दशकात घरात पोरं जमवून एउस्कारात शिकवत होती, पुढे साठच्या दशकात पालकांनी पदरचे पैसे घालून गावोगाव इकास्तोला, म्हणजे एउस्कारात शिकवणाऱ्या शाळा, उभ्या केल्या. बोलींची भांडणं एवढी की एका दरीतलं दुसरीत धड कळेना, तर १९६८ मध्ये आरान्सासूच्या मठात बसून प्रमाणभाषेचा पाया घातला. १९७९ ला स्वायत्तता, १९८२ ला भाषेचा कायदा, त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी स्वतःचं टीव्ही चॅनेल. आज स्वायत्त प्रदेशातली बहुसंख्य पोरं सगळे विषय एउस्कारात शिकतात आणि स्पॅनिश हा एक विषय म्हणून. त्यांचं स्पॅनिश काही वाईट नाही आणि इंग्लिशवाचून कोणाचं अडलेलंही दिसलं नाही. उपयोग आधी होता म्हणून ती भाषा टिकली असं झालेलं नाही, लोकांनी शाळा, नोकऱ्या, टीव्ही असा उपयोग तयार केला. दादाचं म्हणणं याच्या बरोबर उलटं आहे आणि ते चूक आहे. गणपतीत येऊन तो परत तेच बोलतो आणि मी परत हेच सांगतो.

आता दुसरी बाजू, प्रामाणिकपणे. त्यांच्याकडे पैसा आहे आणि तो त्यांच्या हातात आहे, प्रांत स्वतः कर गोळा करतात आणि माद्रिदला ठरलेला हिस्सा पाठवतात. स्वायत्त प्रदेशाची वस्ती बावीस लाखांच्या आसपास, आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी, तेव्हा महाराष्ट्राला ते जसंच्या तसं लागू होत नाही. आणि शाळेत एउस्कारात शिकलेली पोरं मधल्या सुट्टीत बिल्बाओत तरी स्पॅनिशच बोलतात, हे मी कानांनी ऐकलंय. फ्रान्सच्या हद्दीतल्या तीन प्रांतांत तर भाषेला अधिकृत दर्जाही नाही. ही माहिती आमच्या दादापर्यंत पोचली नाही तर बरं.

खाणं. मासे खात असाल तर स्वर्ग, मी खातो. शाकाहारी असाल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट, म्हणजे अंडं चालत असेल तर. गेर्निकाच्या तळलेल्या मिरच्या आणि इबार्राच्या लोणच्यातल्या मिरच्या, दोन्ही छान, तिखटाचा मात्र पत्ता नाही. तोलोसाचा काळा राजमा मागवताना सॉसेज वेगळं ठेवायला सांगा, आणि भाजीच्या डिशमध्ये हॅमचे तुकडे असले तर वेटरच्या मते ती भाजीच असते, आधी विचारा. इदियासाबालचं चीज बहुतेक कोकराच्या रेनेटचं (पोटातून काढलेल्या विरजणाचं) असतं, कडक शाकाहारी असाल तर तेही गेलं. मसाल्याचा डबा न्या.

पाऊस जुलैतही असतो, बारीक, भुरभुर, कोकणातला माणूस त्याला पाऊस म्हणणार नाही, पण चार दिवस तसाच राहिला की कपडे वाळत नाहीत. नव्वद दिवसांच्या आत असाल तर साधा शेंगेन व्हिसा, त्यापुढे स्टुडंट व्हिसा, आणि कोर्सचं पत्र हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. भारतातून बिल्बाओला थेट विमान नाही, मध्ये एकदा तरी बदलावं लागतं. जून-जुलै धरा, ऑगस्टात बऱ्याच भाषाशाळांचे शिक्षकच सुट्टीवर असतात. स्पॅनिश जेमतेम येतं त्याची काळजी नको, पण बार्नेतेगीत पहिल्या दिवशीच सांगून टाका की मला स्पॅनिश अजिबात येत नाही, म्हणजे दमले तरी कोणी तुमच्याशी स्पॅनिशमध्ये बोलणार नाही.