स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या लॅबमध्ये पोस्टडॉकला येताना

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पीएचडी संपत आलीय, स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या दोन लॅबनी पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी, होकार दिलाय, एकीचं नाव मोठं आणि दुसरी लहान. कुठल्या लॅबचं काम खरंच भक्कम आहे हे इतक्या लांबून कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. मी नऊ वर्षांपूर्वी असाच प्रश्न घेऊन इथे आले आणि तेव्हापासून याच विषयात आहे.

पेपरांची यादी बघायचीच, पण त्यावर ठरवू नका. त्या लॅबचा एखादा निष्कर्ष पुढे टिकला नाही असं कधी झालं का, आणि झालं तेव्हा त्यांनी काय केलं, ते शोधा. आपल्या विषयात मला सर्वांत जास्त शिकवलं ते अशाच एका गोष्टीनं.

या गाठीत कॅन्सरच्या पेशी थोड्या आणि भोवतीचा तंतुमय भाग, म्हणजे स्ट्रोमा, भरपूर असतो. 2009 मध्ये डेव्हिड ट्युव्हसन यांच्या गटानं (तेव्हा ते इंग्लंडमधल्या केंब्रिजला होते) उंदरांमध्ये दाखवलं की हेजहॉग हा पेशींमधला संदेशमार्ग अडवला की स्ट्रोमा कमी होतो आणि जेमसायटाबिन हे केमोथेरपीचं औषध गाठीत जास्त पोचतं. सगळ्यांच्या आशा उंचावल्या. माणसांवर चाचणी सुरू झाली आणि 2012 मध्ये थांबवावी लागली, कारण नवं औषध मिळालेल्या रुग्णांची स्थिती उलट जास्त वाईट होती. 2014 मध्ये एकाच वेळी दोन पेपर आले: स्ट्रोमा पार काढून टाकला तर गाठ जास्त आक्रमक होते, म्हणजे तो काही प्रमाणात तिला आवरूनही धरत असतो. त्यातल्या एका पेपरच्या लेखकांत केनेथ ऑलिव्ह होते, 2009 च्या पेपरचे पहिले लेखक. आणि 2017 मध्ये ट्युव्हसन यांच्याच लॅबनं दाखवलं की स्ट्रोमातल्या, तंतू तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी एका प्रकारच्या नसतात, त्यांची कामंही वेगळी असतात. स्वतःचाच निष्कर्ष पुन्हा तपासायला घेणारी माणसं मला फार मोठी वाटतात. अशा लॅबमध्ये तुमचा प्रयोग फसला तरी त्याकडे कुणीतरी नीट बघेल.

आता रोजच्या कामाबद्दल, कारण ते कुठल्याच जाहिरातीत नसतं. 2005 मध्ये आलेला केपीसी उंदीर आजही या क्षेत्राचा कणा आहे: फक्त स्वादुपिंडात केरास आणि पी-53 ही दोन जनुकं बिघडवलेली, आणि तो बिघाड तिथेच घडवून आणणारं क्री हे तिसरं जनुक. तिन्ही एकाच पिल्लात यायला हवीत. नेहमीच्या संकरात प्रत्येकाची शक्यता अर्धी, म्हणजे आठ पिल्लांमागे सरासरी एक. बाकी सात कामाची नाहीत हे कळायलाही प्रत्येकाच्या शेपटीचा तुकडा घेऊन पीसीआर, म्हणजे डीएनएची चाचणी, करावी लागते. मग गाठ वाढेपर्यंत काही महिने दर आठवड्याला अल्ट्रासाउंड. मी ज्या पहिल्या लॅबमध्ये रुजू झाले तिथे या उंदरांची कॉलनी "आहे" असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ती मोडकळीला आली होती. पहिले सात महिने मी फक्त उंदरांचं प्रजनन केलं. म्हणून मुलाखतीत सरळ विचारा: केपीसीची कॉलनी आत्ता चालू आहे का, आणि ती कोण सांभाळतं?

ऑर्गेनॉइड्सबद्दलही तसंच. 2015 मध्ये ट्युव्हसन आणि हान्स क्लेव्हर्स यांच्या गटांनी रुग्णाच्या गाठीतल्या पेशींपासून ऑर्गेनॉइड, म्हणजे गाठीच्या छोट्या त्रिमितीय प्रतिकृती, वाढवून दाखवले, तेव्हापासून बहुतेक लॅब ते करतात. शस्त्रक्रियेतून मिळणारा तुकडा कधी तांदळाच्या दाण्याएवढाच असतो, आणि तो तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही. मेट्रिजेल, म्हणजे ज्यात ऑर्गेनॉइड वाढतात ते जेल, बर्फावर ठेवायचं, टिप्सही गार हव्यात, नाहीतर पिपेटमध्येच ते घट्ट होतं. थेंब प्लेटमध्ये पडला की लगेच 37 अंशांवर. माझा पहिला नमुना असाच टिपमध्ये घट्ट होऊन वाया गेला. एका माणसाच्या पोटातून काढलेला तो तुकडा होता, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. तुमची लॅब शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाला जोडलेली आहे का, हे म्हणूनच महत्त्वाचं. निदान होताना शस्त्रक्रिया शक्य असलेले रुग्ण जेमतेम 15 ते 20 टक्के असतात, त्यामुळे प्रत्येक नमुना मोलाचा.

यश म्हणजे काय, याचं मापही इथे वेगळं आहे. 2011 मध्ये फॉल्फिरिनॉक्स या अनेक औषधांच्या केमोथेरपीमुळे पसरलेल्या आजारात मध्यक (मीडियन) आयुष्य 6.8 महिन्यांवरून 11.1 महिन्यांवर गेलं, आणि ती मोठी झेप मानली गेली. आता सर्वांत जास्त हालचाल केरासवर आहे. नव्वद टक्क्यांहून जास्त गाठींत ते बिघडलेलं असतं, तरी अनेक दशकं त्यावर औषध निघत नव्हतं. 2021 मध्ये सोटोरासिबला मान्यता मिळाली, पण फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी आणि केरासमधल्या जी-12-सी या प्रकारच्या बिघाडासाठी; स्वादुपिंडात तो प्रकार एकदोन टक्केच. आपल्या या कॅन्सरमध्ये मुख्य प्रकार जी-12-डी, आणि त्यावरची औषधं माणसांवरच्या चाचण्यांत पोचली आहेत. औषध देऊनही गाठ पुन्हा का वाढते, यावर तुमच्या दोनपैकी कुठली लॅब काम करतेय ते बघा. पुढची पाच वर्षं तिथेच काम आहे असं मला वाटतं.

पैसे आणि व्हिसा थोडक्यात. बऱ्याच लॅब एनआयएचच्या (अमेरिकी सरकारची आरोग्य-संशोधन संस्था) दराकडे बघून पगार ठरवतात. 2024 मध्ये नव्या पोस्टडॉकसाठी तो वर्षाला 61,008 डॉलर होता. महागड्या शहरात त्यात ओढाताण होते. जे-1 व्हिसावर संशोधक म्हणून जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. डिसेंबर 2024 मध्ये भारत स्किल्स लिस्टमधून, म्हणजे ज्या देशांच्या लोकांना जे-1 नंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं त्या यादीतून, वगळला गेला, पण सरकारी निधी असेल तर ती अट तरीही लागू शकते, म्हणून डीएस-2019 या जे-1 च्या फॉर्मवर काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा. एनआयएचची एफ-32 फेलोशिप आपल्याला मिळत नाही, त्यांच्याच के-99 या अनुदानाला नागरिकत्वाची अट नाही; पण अर्ज पोस्टडॉकच्या पहिल्या चार वर्षांत करायचा असतो, म्हणजे कॉलनीत गेलेले सात महिने तिथे भोवतात.

दोन्ही लॅबमधून गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेल्या एकेका पोस्टडॉकला फोन करा, ईमेल नको. फोनवर माणूस कुठे अडखळतो ते कळतं. कॉलनीबद्दल आणि नमुन्यांबद्दल काय उत्तर आलं ते मला कळवा, मग लहान लॅबचे पेपर आपण दोघी बसून वाचू.