दिवाळीला ग्राहकांना ड्रायफ्रूटचे बॉक्स देण्याऐवजी ते पैसे प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांसाठी द्यायचे आहेत. कोल्हापुरातून हे कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की शिरोलीत तुमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, दर दिवाळीला 120 बॉक्स वाटता, बॉक्समागे 500 रुपये, म्हणजे 60 हजार. यंदा ते पैसे प्राण्यांना आणि ग्राहकांना फक्त कार्ड. इथपर्यंत उत्तम. पण शेवटी एक ओळ आहे, "नाहीतर सरळ टेम्पोभर केळी, गूळ आणि चारा घेऊन गेलो तर?" खरं सांगायचं तर त्या ओळीमुळेच उत्तर लिहायला बसलो. टेम्पो नेऊ नका.

पहिलं कारण कायद्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 38जे प्रमाणे प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला बाहेरच्या माणसानं खायला घालणं हा गुन्हा आहे. गेटवर टेम्पो अडवला म्हणून चिडू नये, अडवणारा त्याचं काम चोख करत असतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी टेम्पो चुकीचाच, कारण कुठल्या रानातला चारा आहे, त्यावर कधी फवारणी झाली, त्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत होती का, हे कुणालाच ठाऊक नसतं. लाळ्या-खुरकूत गायी-म्हशींची, तशी चितळ-सांबराचीही. एका पेंढीतून रोग आत शिरला तर अख्खा कळप जाऊ शकतो. कोवळी ज्वारी असेल तर तिच्यातल्या विषानं जनावर तासाभरात आडवं होतं. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, आपल्याकडे फुकट मिळतं म्हणून लोक उत्साहानं नेतात, पण त्यात ऑक्झलेट असतं आणि ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. वाढं घालणारा जाणता शेतकरी सोबत चुन्याची निवळी देतो ती त्यासाठीच. टेम्पोबरोबर निवळी कोण नेतं?

आणि पोळ्या, भात, गोडधोड तर नकोच. 2023 च्या फेब्रुवारीत आपल्या कोल्हापूरजवळ एका मोठ्या सोहळ्याच्या वेळी उरलेलं अन्न खाऊन गायी दगावल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. चार दिवस हळहळ झाली आणि पुढच्या सणाला पुन्हा पोळ्यांच्या बुट्ट्या गोठ्यात. म्हणून नेमकं काय होतं ते एकदा नीट सांगतो, कारण चितळ, सांबर, काळवीट, नीलगाय हे सगळे गायीसारखेच रवंथ करणारे आहेत.

रवंथ करणाऱ्या जनावराचं कोठीपोट म्हणजे चारा आंबवणारी टाकी. तिथले जीवाणू तंतुमय चाऱ्याला सरावलेले असतात. एकदम भरपूर पीठ-भात-पोळी पडली की पिष्ट खाणारे जीवाणू भराभर वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. कोठीपोटाचा सामू (पीएच) एरवी 6 ते 7 च्या दरम्यान असतो, तो 5 च्या आसपास घसरतो. चारा पचवणारे जीवाणू मरतात. आम्ल रक्तातलं पाणी कोठीपोटात ओढून घेतं, म्हणून पोट पाण्यानं डुचमळतं आणि जनावर मात्र आतून कोरडं पडतं. डोळे खोल जातात, पाय लटपटतात, पातळ आंबूस हगवण लागते, मग जनावर बसतं ते उठत नाही. गायीला निदान खाण्याचा सोडा पाजता येतो, शिरेतून सलाईन लावता येतं, वेळ पडली तर पोट उघडून घाण काढता येते. चितळाला हे करायचं तर आधी पकडायला लागतं, आणि पकडण्याच्या धावपळीतच ते मरू शकतं. भीतीनं जीव तोडून पळालेल्या हरणाचे स्नायू आतून फुटतात, आणि ते तिथल्या तिथे किंवा दोन-चार दिवसांनी जातं. दिवाळीत पिंजऱ्याशेजारी लावलेल्या फटाक्यांच्या माळेनंही हेच होतं.

"मुक्या जनावराच्या मुखात दोन घास घालणं यासारखं पुण्य नाही," हे वाक्य मला पाठ आहे. त्याला माझं उत्तर ठरलेलं आहे: घास घालणं सोपं आहे, सांभाळणं अवघड. 2025 च्या जुलैत नांदणी मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं गुजरातमधल्या वनतारा या प्राणी केंद्रात गेली तेव्हा सगळा जिल्हा रडला, नांदणीपासून कोल्हापुरापर्यंत पदयात्रा निघाली. ते प्रेम खरं होतं, त्यावर शंका घ्यायचं कारण नाही आणि कोण बरोबर हा वादही इथे नको. पण हत्तीच्या प्रेमापोटी आपण काय देतो? नारळ, गूळ, केळी. मोठ्या हत्तीला रोज दीडशे किलोच्या आसपास हिरवा चारा आणि शंभर-दोनशे लिटर पाणी लागतं, तिथे गुळाची ढेप म्हणजे फक्त साखर. हत्ती खचतो तो पायांनी. कठीण फरशीवर तासन्‌तास उभं राहून तळवे भेगाळतात, नखं वाढतात, भेगेत शेण-मूत जाऊन गळू होतं. रोज पाय धुणं, भेगा तपासणं, नखं कानसीनं घासणं, औषधी पाण्यात पाय बुडवणं, उभं राहायला माती-वाळूची जागा, हा खरा खर्च. नारळाच्या हजार पावत्या निघतील, वाळूच्या एका ट्रॉलीची पावती कुणी फाडत नाही.

आता तुमचे 60 हजार. कोल्हापुरात मोठं प्राणिसंग्रहालय नाही. संस्थानच्या काळात इथे शिकारीचे चित्ते आणि ते सांभाळणारे चित्तेवान होते, ती हौस गेली. सगळ्यात जवळ पडतं ते बेळगावच्या अलीकडचं भुतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय; पुण्याचं कात्रज दुप्पट लांब. कर्नाटकातल्या प्राणिसंग्रहालयांची दत्तक योजना जुनी आणि सरावाची आहे, म्हैसूरची तर विशेष. प्राण्यागणिक दर ठरलेले असतात, ते बदलतात, म्हणून चालू दरपत्रक मागवून घ्या. दत्तक म्हणजे प्राणी तुमचा होत नाही, हात लावायला मिळत नाही. ठरावीक काळाचा त्याचा खर्च तुम्ही उचलता, बदल्यात प्रमाणपत्र मिळतं आणि बहुतेक ठिकाणी फलकावर नाव लागतं.

वाघ घेऊ नका. वाघ-सिंहाला दाते मिळतात, तरस, कोल्हा, रानमांजर, घुबड, मगर यांच्याकडे कुणी बघत नाही. "तुमच्याकडे कुणी न घेतलेले प्राणी कोणते?" असं पत्रातच विचारा. दुसरं, तुमच्या ग्राहकांत जैन, मारवाडी, गुजराती मंडळी असणारच. वाघाला दिवसाला 8 ते 10 किलो मांस लागतं. त्यांच्या नावानं वाघ दत्तक घेतला म्हणजे त्यांच्या नावानं मांसाचं बिल भरलं. कार्ड हातात पडल्यावर हे कळलं तर भेट राहील बाजूला, ग्राहक दुखावेल. त्यांच्यासाठी हरीण, जमिनीवरचं कासव किंवा शाकाहारी पक्षी निवडा आणि कार्डावर त्यांचं नाव टाकण्याआधी एक फोन करा.

सगळे पैसे एका दत्तकात घालू नका. दिवाळीत सगळ्यांना दानाची आठवण होते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात रान हिरवं असतं, चारा मुबलक. खरी ओढ लागते ती मार्च ते मे, चारा महाग आणि पाणी कमी. पाण्याचे फवारे, सावलीची जाळी, पाण्याची जादा टाकी, अस्वलांसाठी फळं गोठवलेल्या बर्फाच्या लाद्या, सगळं तेव्हाच लागतं. म्हणून निम्मे पैसे दिवाळीला द्या, निम्मे फेब्रुवारीत, "उन्हाळी व्यवस्थेसाठी" असं पत्रात लिहून.

वस्तूच द्यायची असेल तर घोंगड्या, ब्लँकेट नको. धागे पोटात जाऊन आतडं गुंडाळतात. गोणपाट चालतं, पण युरियाचं पोतं कधीही नाही, रवंथ करणाऱ्यांना युरिया विष आहे. अग्निशमन दलाचे बाद झालेले पाइप विणून वाघ-बिबट्यांना आणि अस्वलांना छान झोळ्या होतात. जुने टायर देताना तारेचे नकोत, चावून तार बाहेर येते. आणि राखणदारांना गमबूट, रेनकोट, चांगला टॉर्च. हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

पण तुमच्या हातात वर्कशॉप आहे, ते 60 हजारांपेक्षा मोठं आहे. स्क्वीझ केज हवा आहे का, ते विचारा. ज्याची एक भिंत आत सरकते असा पिंजरा. बिबट्याला इंजेक्शन द्यायचं, रक्त घ्यायचं, जखम बघायची तर भिंत हळूहळू पुढे घेऊन त्याला दोन मिनिटं स्थिर करता येतं, बेशुद्ध करायची जोखीम टळते. माप आणि गजांमधलं अंतर तिथल्या पशुवैद्याकडून लेखी घ्या, अंदाजानं काहीच करू नका. अंतर जास्त झालं तर पंजा बाहेर येतो, कमी पण दात शिरेल इतकं राहिलं तर दात अडकतो. सरकती भिंत स्क्रूनं किंवा रॅचेटनं चालवा, म्हणजे जनावरानं रेटा दिला तरी मागे येणार नाही. बोल्टची डोकी आत, नट बाहेर. वेल्डिंगचे सगळे दाणे ग्राइंडरनं काढा आणि मग उघड्या तळहातानं प्रत्येक गज चाचपून बघा. तुमच्या हाताला जे टोचतं ते त्याच्या जिभेला फाडतं. शिसं असलेला रंग नको, आणि रंग पूर्ण वाळून वास गेल्याशिवाय पिंजरा पाठवू नका. छोटी चाकं चिखलात रुततात, रुंद घ्या. पोपटांच्या पिंजऱ्यांचं काम आलं तर जस्त चढवलेली जाळी टाळा, ते तार चघळतात आणि जस्त बाधतं.

पैसे द्यायचे ते संस्थेच्या नावाच्या खात्यावर, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. पावतीवर तुमचा पॅन हवा. देणगीवरची प्राप्तिकराची सवलत (80जी म्हणून ओळखली जाणारी) गृहीत धरू नका: ती संस्थेला लागू आहे का ते बघावं लागतं, 2,000 च्या वरची रोख देणगी त्यात बसत नाही आणि नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. ग्राहकांना दिलेल्या भेटवस्तू धंद्याच्या खर्चात जातात, देणगी तशी जात नाही, तेव्हा सीएशी आधी बोला. पत्रव्यवहार गणपती झाले की सुरू करा, सरकारी होकाराला वेळ लागतो. लांब जायचं नसेल तर कोल्हापुरातच पांजरपोळ आहे. तिथे प्राणिसंग्रहालयाचे नियम नाहीत, पण चारा त्यांना विचारून आणि उन्हाळ्यातच द्या.

अजून एक. त्या 120 बॉक्समध्ये तुमच्या कामगारांचे बॉक्स असतील तर ते आधी वेगळे काढा. त्यांच्या घरी दिवाळीला कार्ड जाऊ नये, बॉक्सच जावा. प्राण्यांच्या वाट्याला 60 चे 45 हजार आले तरी चालतील.